दोनदा घातलेला हार

जानराव गजभियेंची नूतन पत्रकारिता शिकायला लागली, तेव्हा भिलाईत मरोद्यातल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये कुणाला फारसा धक्का बसला नाही. लहानपणापासून या पोरीला स्वतःच्या अभ्यासापेक्षा दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची काळजी जास्त. शेजारच्या दुर्गाबाईंकडे पाहुणे आले की ते किती दिवस मुक्काम ठोकणार, हे दुर्गाबाईंच्या आधी नूतनला कळलेलं असायचं. त्यामुळे तिनं बी.कॉम. मध्येच सोडून दुर्गच्या एका कॉलेजात पत्रकारितेला नाव घातलं, तेव्हा तिची आई वंदना एवढंच म्हणाली, "चला, याची बी डिग्री भेटते म्हणा."

जानरावांना मात्र विषय नीट समजून घ्यायचा होता. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे, आणि न समजता कुठलीही कळ ओढायची नाही ही छत्तीस वर्षांची सवय.

"टीव्हीवर येशीन का तू?"

"नाही बाबा. मी फोटो पत्रकारिता घेतली. फोटो काढायचे."

"लग्नाचे?"

"लग्नाचे नाही. जे घडते ना, त्याचे."

जानरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर दुपार होती, आणि एक गाय कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून उभी होती. "आपल्याकडं काय घडते?" ते म्हणाले.

खरं सांगायचं तर हीच शंका नूतनलाही होती. पण ती तिनं बोलून दाखवली नाही.

कॅमेरा नागपूरहून आला. तिचा मावसभाऊ अमरदीप आधी लग्नाचे फोटो काढायचा, मग त्याला मेट्रोत नोकरी लागली आणि कॅमेरा कपाटात पडून राहिला. त्यानं तो नूतनला दिला, सोबत आठ जीबीचं एक जुनं कार्डही दिलं. कॅमेरा गळ्यात आल्यापासून नूतनला साधं काही दिसेनासं झालं. वाळत घातलेल्या कपड्यांत तिला स्त्रियांचे कष्ट दिसायचे, पाण्याच्या टाकीत व्यवस्था दिसायची. एकदा खिडकीतून सकाळचं ऊन आलं म्हणून तिनं भाकरी करत असलेल्या आईचे चाळीस फोटो काढले.

"आई, माझ्याकडं नको ना पाहू."

"मी तव्याकडं पाहून राहिली बाई. तूच समोर येऊन राहिली."

चाळीस फोटोंच्या पायी तीन भाकरी करपल्या. त्या तिलाच खाव्या लागल्या.

कॉलेजात हा विषय शिकवायला दौलतराव सर यायचे. मूळचे तुमसरकडचे. एका वर्तमानपत्रासाठी तीस वर्षं फोटो काढून गुडघे झिजले, तेव्हा आठवड्यातून दोन तास शिकवायला लागले. वर्ग हिंदीत चालायचा. सर कमी बोलायचे. मुलांनी आणलेला फोटो हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "ये कौन है?" बस. बाकी प्रकाश, कोन, रचना यांवर मुलं काय काय वाचून आलेली असायची, ते सगळं या एका प्रश्नापुढं गार पडायचं.

नूतनचा पहिला फोटो दुर्गच्या कोर्टाबाहेरचा होता. पायरीवर एक म्हातारा बसलेला, हात गालाला लावलेला, डोळे मिटलेले, मागे कोर्टाची भिंत. नूतननं तो काळापांढरा करून आणला होता आणि खाली लिहिलं होतं, "न्याय की प्रतीक्षा". वर्गात दोघातिघांनी वा म्हटलं.

"ये कौन है?" सरांनी विचारलं.

"सर, एक पीडित वृद्ध।"

"पीडित का नाम होगा ना कुछ?"

नाव तिला माहीत नव्हतं. सरांनी फोटो परत दिला. दुसऱ्या दिवशी नूतन तो घेऊन कोर्टासमोरच्या चहाच्या ठेल्यांवर विचारत हिंडली. तिसऱ्या ठेलेवाल्यानं फोटो पाहिला आणि हसायलाच लागला. "अरे, ये तो फिरतूराम टाइपिस्ट हे." फिरतूराम चाळीस वर्षांपासून कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा, आणि त्या दिवशी तो सकाळीच दाढ काढून आला होता. नूतननं त्याला फोटो दाखवला. त्यानं तो निरखून पाहिला, खूश झाला, आणि सुजलेला गाल बरोबर आला आहे म्हणाला. न्यायाची प्रतीक्षा तो करत नव्हता. सूज उतरायची करत होता.

नूतनच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे : "माणूस दुःखी दिसला तर आधी दाताचं विचारणे." खाली दुसऱ्या शाईनं : "आधी नाव, मग फोटो? की आधी फोटो, मग नाव? आधी नाव विचारलं तर माणूस पोझ देतो. नंतर विचारलं तर फिरतूराम होतो. सरांना विचारणे."

सरांना तिनं विचारलं. सर म्हणाले, "पायाला विचार. लवकर पळता येत असलं तर नंतर विचारलं तरी चालतं." ते मराठीत बोलले हे तिच्या नंतर लक्षात आलं. आडनाव ऐकून त्यांनी ताडलं असणार. तेव्हापासून एकटी असली की सर तिच्याशी मराठीतच बोलायचे, आणि मराठीत ते हिंदीपेक्षा जास्त टोचून बोलायचे.

नोव्हेंबरात दुसरं काम मिळालं. एक घटना निवडायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथं हजर राहायचं आणि एकच फोटो आणून द्यायचा. नियम एकच : हात लावायचा नाही. कुणाला जरा इकडे बघा, जरा सरका म्हटलं की तो फोटो बातमीचा राहिला नाही, स्टुडिओचा झाला. नूतनला घटना शोधायला लांब जावं लागलं नाही. तीस तारखेला जानराव निवृत्त होणार होते.

भिलाईत निवृत्तीचा दिवस म्हणजे लहानसं लग्नच असतं. पाळी संपली की सोबतचे लोक गेटवर जमतात, हार घालतात, कुणी ढोल आणतो, कुणी गुलाल. नूतननं आदल्या दिवशी बापाला समोर बसवून पढवलं.

"बाबा, उद्या तुम्ही बाहेर आले की माझ्याकडं पाहायचं नाही. मी आहेच नाही असं समजायचं."

"म्हणजे माह्या पोरीले मी ओळख नाही दाखवाची?"

"फक्त उद्या."

"अन् हात बी नाही हलवाचा?"

"नाही."

"मंग तू कायले येतं?" जानराव म्हणाले. पण कबूल झाले.

आता इथं आनंदराव ढोमण्यांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आनंदराव जानरावांच्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या विभागात, खलाशी होते. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. क्रेनच्या हुकाला माल अडकवणाऱ्या आणि खालून इशारे करणाऱ्या माणसाला कारखान्यात खलाशीच म्हणतात. जानराव वर चाळीस फुटांवर केबिनमध्ये, आनंदराव खाली. पंजा वर केला की उचल, उताणा पंजा हळूच पालथा केला की सावकाश खाली, मूठ आवळली की थांब. त्या गदारोळात तोंडानं बोलून काही उपयोग नसतो, त्यामुळे सगळं हातानंच.

आणि हे बरंच होतं, कारण अकरा वर्षांपासून दोघं तोंडानं बोलतच नव्हते. अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांच्या रेस्ट रूममध्ये एक कूलर आला. जानरावांना गार वारा लागला की डोकं धरायचं, म्हणून ते कूलर भिंतीकडे वळवायचे. आनंदराव दिवसभर खाली भट्टीसारख्या जमिनीवर उभे राहून आलेले असायचे, ते कूलर स्वतःकडे वळवायचे. आठवडाभर कूलर असा मान वळवत राहिला. मग एक दिवस एकजण दुसऱ्याच्या बापावर गेला, दुसरा पहिल्याच्या आजोबांवर, आणि बोलणं बंद झालं. कूलर दोन उन्हाळ्यांत बिघडून भंगारात गेला. अबोला मात्र चालू राहिला. आठ तासांच्या पाळीत दोघं एकमेकांशी शेकडो वेळा हातांनी बोलायचे आणि तोंडानं एकदाही नाही. "माह्या क्रेनखाली कोणाचं बोट नाही चेपलं," जानराव घरी वंदनाला सांगायचे, "त्यात अर्धा हात त्याचा आहे." हे त्यालाच एकदा सांगा ना, असं वंदना म्हणायची. तेव्हा जानराव पेपर वाचायला घ्यायचे.

तीस तारखेला पाळी दोनला सुटायची होती. नूतन बारालाच गेटवर हजर. घटना सुरुवातीपासून पाहायची होती ना. तिनं गेटचा फोटो काढला, घड्याळाचा काढला, सायकल स्टँडचा, पहारेकऱ्याच्या सावलीचा, सावलीत झोपलेल्या कुत्र्याचा. कुत्र्याचे सतरा काढले. शिवाय खरे फोटोग्राफर मोठ्या साइझमध्ये फोटो काढतात असं तिनं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून सगळे सगळ्यात मोठ्या साइझमध्ये. कार्डावर आधीचे फोटोही तसेच पडून होते.

दोन वाजले. लोक जमले. ढोल वाजायला लागला. निळ्या शर्टातले जानराव बाहेर आले, आणि शब्दाला जागून त्यांनी पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकं नाही पाहिलं की मान अवघडल्यासारखी दिसत होती. त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडायला लागले, नूतन बटण दाबत राहिली, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं आली : कार्ड भरलं आहे.

तिनं मान खाली घातली आणि कुत्रे खोडायला सुरुवात केली. सतरापैकी दोन बरे आले होते. त्यांतला कुठला ठेवावा या विचारात काही क्षण गेले. तेवढ्यात ढोल थांबला. नूतननं वर पाहिलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, बाबांच्या गळ्यात झेंडूंवर एक पांढऱ्या शेवंतीचा हार होता, आणि आनंदराव ढोमणे घाम पुसत मागे सरकत होते.

"क्या हुआ?" तिनं शेजारच्या माणसाला विचारलं.

त्यानं सांगितलं ते असं. आनंदराव हार घेऊन गर्दीच्या मागे उभे होते. कुणीतरी त्यांना पुढे ढकललं. ते जानरावांसमोर येऊन उभे राहिले. जानराव उंच, आनंदराव बुटके, हार पोचेना. आणि वाक म्हणायचं तर तोंड उघडावं लागणार. तेव्हा आनंदरावांनी एका हातात हार धरला, दुसऱ्या हाताचा उताणा पंजा पुढे केला आणि हळूच पालथा केला. सावकाश खाली. जानरावांनी मान खाली केली. शॉपचे लोक आधी हसले आणि मग टाळ्या वाजवायला लागले.

नूतननं हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीतला फोटो समोर झाला होता, आणि ती कुत्रा निवडत होती.

पुढचे शब्द आपल्याच तोंडून आले हे तिला नंतरही खरं वाटेना. "काका," ती आनंदरावांना म्हणाली, "पुन्हा एकदा घालता का? तो हात पण करा ना, खाली वाला."

आनंदराव ओशाळले. "पुन्हा?"

"घाल," जानराव म्हणाले. अकरा वर्षांतला हा त्यांचा आनंदरावांशी पहिला शब्द. "पोरगी शिकून राहिली."

हार काढला, पुन्हा हातात घेतला, पंजा पुन्हा पालथा झाला, मान पुन्हा झुकली. जानराव आनंदरावांच्या कानात काहीतरी पुटपुटले आणि आनंदरावांचा चेहरा हसू की रडू असा झाला. नूतननं बटण दाबलं. हात पुढे, मान खाली, हार हवेत, मागे सगळ्या शॉपचे हसरे चेहरे. असा फोटो आयुष्यात एकदाच येतो म्हणतात. नूतनचा दुसऱ्या खेपेला आला.

तिच्या वर्गातला शुभम एका हिंदी पेपरात शिकाऊ म्हणून जायचा. त्यानं तो फोटो मागितला. नूतननं दिला, आणि तिसऱ्या दिवशी शहराच्या पानावर तो चार कॉलम छापून आला. वर मथळा : "ग्यारह साल की चुप्पी, एक माला से टूटी". खाली तिचं नाव. वंदनानं सात अंक आणवले. दुर्गाबाईंना एक दिला आणि तो परत मागितला नाही, म्हणजे केवढा आनंद झाला असेल पाहा. आनंदराव रोज संध्याकाळी फोन करायला लागले. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. जानराव फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या घालायचे, आणि वंदनाला अबोल्याचेही काही फायदे होते असं वाटायला लागलं.

वर्गात दौलतराव सरांनी पेपर टेबलावर पसरला. आज "ये कौन है" विचारलं नाही. नावं खाली छापलेलीच होती. बराच वेळ पाहून ते "अच्छा है" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे वर्ग नूतनकडे पाहायला लागला. तास संपल्यावर सर म्हणाले, "गजभिये, थांब जरा."

ती थांबली.

"हार हवेतच आहे ना अजून?"

"हो सर."

"पांढरा हा एकच दिसतोय. बाकी सगळे झेंडू."

"हो."

"मग बाबांच्या खांद्यावर शेवंतीच्या पाकळ्या कुठून आल्या?"

निळ्या शर्टावर तीन पांढऱ्या पाकळ्या होत्या. छापलेल्या फोटोतसुद्धा स्पष्ट दिसत होत्या. आधी कुणीतरी शेवंतीची फुलं उधळली होती, असं म्हणता आलं असतं. सरांनी ते मानलंही असतं, निदान मानल्यासारखं केलं असतं. नूतननं तेच सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून सगळं खरं बाहेर आलं, कुत्र्यांसकट.

सरांनी चष्मा पुसला. "सतरा?"

"हो सर."

"मी एकदा मंत्र्याच्या भाषणात माशीचे काढले होते." मग पेपराची घडी घालत म्हणाले, "मला सांगून काय होणार? मी काही एकटा वाचत नाही हा पेपर. ज्यांनी छापला त्यांना सांग."

नूतन पेपरच्या ऑफिसात गेली. पानाचे प्रमुख भले गृहस्थ होते. त्यांनी तिला चहा पाजला. "बेटा, माला पहनाई थी कि नहीं? पहनाई थी। तो झूठ क्या है?" नूतननं हट्ट धरला. दोन ओळी हिंदीत लिहूनही दिल्या : हा प्रसंग खरोखर घडला होता, पण फोटो छायाचित्रकाराच्या विनंतीवरून तो पुन्हा करवून काढलेला आहे. प्रमुखांनी कागद ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी पाच क्रमांकाच्या पानावर, कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली, जागा नसल्यामुळे कातरून कातरून ते असं आलं :

"भूल सुधार : जानराव गजभिये और आनंदराव ढोमणे का मिलन वास्तविक नहीं था। खेद है।"

जानरावांनी चहा पिता पिता ते वाचलं. दोनदा वाचलं. "वास्तविक नाही म्हणजे?"

नूतननं समजावून सांगितलं. तेवढ्यात दुर्गाबाई अंक घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काहो भाऊजी, म्हणजे तुम्ही अजून बोलून नाही राहिले?" आणि संध्याकाळी कोहक्याहून आनंदरावांचा फोन आला नाही. जानरावांनी लावला, तर कुणी उचलला नाही. ते अंगणात एक फेरी घालून आत आले. "अकरा वर्षानं आठ दिवस बोलला थो," ते म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर नूतनला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतन स्कूटीवरून कोहक्याला गेली. दार आनंदरावांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी उघडलं. "आल्या पेपरवाल्या," त्या आत वळून म्हणाल्या. आनंदराव अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काका, ते मी तसं लिहिलं नव्हतं."

"छापलं तं तसंच आहे. माह्या साडभावानं दल्लीराजहऱ्याहून फोन केला. म्हणे, काय आनंदराव, नाटकात काम करून राहिले का? मी नाटक केलं का?"

"नाही काका. नाटक मी करवलं. तुमच्या हाराचा फोटो मला घेता नाही आला." आणि तिनं पुन्हा सगळं सांगितलं. हे ती चौथ्यांदा सांगत होती, तरी कुत्र्याशी आली की जीभ अडखळायचीच.

आनंदरावांनी एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. रुक्माबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"तुले एक सांगू का," आनंदराव म्हणाले. "पहिल्यांदा घातला तवा माह्यात जीव नव्हता. मागून दोघांनी ढकललं. सारे पाहून राहिले. तोंड उघडेना, म्हणून तसा पंजा केला. जानराव बी लाकडासारखा उभा. मले वाटलं, हार घालाचा अन् पळाचं. मंग तू म्हणली, पुन्हा घाला. दुसऱ्यांदा तो वाकला न्, तं कानात काय म्हणाला मालूम आहे?"

"काय?"

"म्हणाला, 'मी चाललो बाबू. आता कूलर तुह्याकडंच राहू दे.'" आनंदरावांनी शेंग खाली ठेवली. "कूलर नऊ वर्षं झाले भंगारात गेला. मले हसू आलं अन् रडू बी आलं. तो तुह्या फोटोत आहे, थोच खरा. आता तू शिकून राहिली, तूच सांग. कोणता वास्तविक?"

 सरांच्या नियमात हे कुठंच बसत नव्हतं. नियम चुकीचा होता असंही नाही. तिनं हात लावला होता आणि दोन भल्या माणसांची शोभा झाली होती, हेही तितकंच खरं. तिनं चहा संपवला आणि विचारलं, "काका, हे असंच लिहू का फोटोखाली? पहिला हुकला, दुसरा सांगून घालायला लावला, अन् कानातलं?"

"लिही. फक्त कूलरचं नको लिहू. लोकं हसतात." मग शेंग पुन्हा उचलून, "नाही, लिही. कूलरचं बी लिही. चूक त्याचीच होती असं लिही."

तिनं तिथूनच बापाला फोन लावला आणि आनंदरावांच्या हातात दिला. पहिलं मिनिट कुणीच बोललं नाही. रुक्माबाई म्हणाल्या, "हातानं बोलाल तं दिसत नाही फोनवर, तोंडानं बोला." मग आनंदराव म्हणाले, "पोट्टी म्हणून राहिली, चूक तुही होती." पलीकडून जानराव एवढ्या जोरात काही बोलले की नूतनला फोनपासून चार हातांवर ऐकू आलं. वीस मिनिटांनी दोघं कूलर पहिल्यांदा कुणी वळवला यावर येऊन पोचले होते. नूतनचा फोन गरम झाला होता. रुक्माबाईंनी तिला सोललेल्या तुरीची पिशवी भरून दिली.

फोटो तिनं नव्या ओळींसह सरांना दिला. ओळी फोटोपेक्षा लांब झाल्या होत्या. सरांनी उभ्यानं वाचल्या, मग खुर्ची ओढून बसून वाचल्या. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर त्या जशाच्या तशा लागल्या, एक शब्द न कापता, कारण तिथं जाहिरात नव्हती. दहापैकी सहा गुण मिळाले.

"चार कशाचे कापले सर?"

"दोन हाराचे."

"आणि दोन?"

"कुत्र्याचे."

नूतननं वहीत लिहिलं : "कार्ड घरून रिकामं करून नेणे." त्या दिवशी यापेक्षा मोठा विचार तिला सुचला नाही, आणि सुचला नाही तेच बरं झालं.

डिसेंबरात जानरावांच्या पेन्शनचे कागद आले. त्यांत नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. वंदना म्हणाली, घरात फोटोवाली असताना बाहेर कायले जावाचं? नूतननं भिंतीवर पांढरी चादर लावली, दोन स्टूल ठेवले आणि बऱ्याच दिवसांनी मोकळ्या मनानं म्हणाली, "बाबा, इकडं पाहा. आई, मान सरळ."

पहिल्या फोटोत जानराव फार उंच आले. वंदनाला ते पटलं नाही. "मी काय यांची पोरगी दिसून राहिली का?" दुसऱ्यांदा तिच्या स्टुलावर उशी ठेवली. ती उशीवरून घसरली, आणि तिला धरायला वळलेल्या जानरावांचा फोटोत नुसता कानच आला. तिसऱ्या वेळी दोघांना हसू आलं, आणि फॉर्मवर हसलेलं चालत नाही असं जानरावांना कुणीतरी सांगितलं होतं. चौथ्या वेळी हसू नये म्हणून दोघांनी असे ओठ आवळले की नूतनलाच हसू आलं आणि कॅमेरा हलला.

शेवटी जानरावांनी शर्ट बदलला, वंदनानं पदर नीट केला, आणि दोघं स्कूटरवर बसून सेक्टरच्या मार्केटमधल्या स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं दोन मिनिटांत फोटो काढून आठ प्रती हातात दिल्या. त्यांत दोघंही रात्रीच्या गाडीत बिनतिकीट सापडल्यासारखे दिसत होते. पेन्शनच्या फॉर्मला तोच लागला, आणि पहिल्याच खेपेला पास झाला.